अभ्यासक्रम लिहायचाय? आधी पाचवीच्या वर्गात जाऊन बसा

पत्र: "ताई, मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात सहा वर्षं शिकवते आहे. आमच्याकडे बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. सुरू करायचा घाट घातला आहे आणि मसुद्याच्या उपसमितीची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. आठ आठवड्यांत मसुदा अभ्यास मंडळापुढे ठेवायचा आहे. विभागात कायम तिघं, बाकी पाच जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. पहिल्याच बैठकीत कुणाचा पेपर किती श्रेयांकांचा (क्रेडिटचा) यावरून दोन तास गेले. मानसशास्त्राचे सर चारावरून तीनवर यायला तयार नाहीत. इतिहास आणि गणित विभागाचे लोक म्हणतात, तुमची पोरं आमच्या वर्गात मागे बसवा, वेगळं काही शिकवणार नाही. मी स्वतः बी.एड. केलं तेव्हा पाठांची ढीगभर टाचणं काढली, प्रथम श्रेणी मिळवली आणि शिक्षणसेवक म्हणून पहिल्यांदा पाचवीच्या वर्गात उभी राहिले तेव्हा काय करावं ते सुचेना. दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन रडले. तेच पुन्हा दुसऱ्यांच्या पदरात घालायचं नाही. सुरुवात कुठून करू? आणि शाळानुभवाचं काय करू? आमच्याकडच्या शाळा एक तर 'सही घेऊन जा' म्हणतात, नाही तर विद्यार्थ्यांना बिनपगारी मास्तर म्हणून राबवतात. नाव छापू नका."

नाव छापत नाही. पण 'दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन रडले' हे तुमचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय, कारण तुमच्या मसुद्याची सुरुवात तिथूनच करायची आहे. त्या दोन आठवड्यांत नेमकं काय काय अडलं ते आज रात्री बसून लिहून काढा. पेपरांची यादी तोवर कपाटात राहू द्या. ती कुठे पळून जात नाही.

मी हे माझे हात पोळलेत म्हणून सांगते आहे. २०१५ साली बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं, तेव्हा आमच्या विद्यापीठात मसुदा करणाऱ्यांत मीही होते. त्या बदलामागे शिक्षक-शिक्षणावरच्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा २०१२ सालचा अहवाल होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आयोग नेमला त्याला कारण आपल्याच राज्यातलं २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण, हे आपल्याकडचे लोक सोयीस्करपणे विसरतात. नव्या निकषांत विद्यार्थ्याने शाळेत काढायचे वीस आठवडे होते: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. हजेरी वर्गात ८० टक्के, आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या त्या कामात, ९० टक्के. कागदावर उत्तमच. आम्ही काय केलं? आधी सगळे पेपर आखले, प्रत्येकाला त्याचा वाटा दिला आणि मग उरलेल्या फटीत ते सोळा आठवडे कोंबले. कोणत्या शाळेत, कुणाच्या हाताखाली, पहिल्या आठवड्यात काय करायचं आणि दहाव्यात काय, यावर बैठकीत बोलणं झालं ते चहा येईपर्यंत. पुढे पाहणीला गेले तर आमची छात्राध्यापिका स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून सीनियरच्या वहीतली टाचणं उतरवत होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, इथे आमची गरज नाहीये. उद्या बाई रजेवर आहेत, तेव्हा तीन वर्ग एकत्र बसवून देणार आहेत." तिचं चुकलं नव्हतं. आम्हीच तसा अभ्यासक्रम केला होता.

तेव्हा पहिला आठवडा मसुद्यासाठी एक ओळही लिहू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या विभागातून बाहेर पडलेले आणि आता कुठे ना कुठे शिकवत असलेले पाच-सहा जण शोधा. एक जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतला असावा, एक संस्थेच्या हायस्कुलातला, एखादी खाजगी इंग्रजी शाळेत कमी पैशांवर राबणारी. त्यांच्या शाळेत अख्खा दिवस जाऊन बसा. परिपाठाला पोचा आणि घंटा होईपर्यंत हलू नका. सोबत पाहणीचा फॉर्म नको. दुपारच्या सुट्टीत एवढंच विचारा: आज सकाळपासून कोणत्या क्षणी तुला वाटलं की हे मला कुणी शिकवलंच नव्हतं?

उत्तरं साधारण काय येतील ते मी सांगू शकते, पण तुम्ही स्वतः ऐकलेलीच बरी, कारण अभ्यास मंडळात तुम्हाला ती वापरायची आहेत. सहावीत बसलेल्या चार मुलांना सलग वाक्य वाचता येत नाही आणि पुस्तक मात्र सहावीचं. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकीकडे बोललं की दुसरीकडे दंगा. घरी पावरी किंवा कोरकू बोलणारं मूल, मराठी पुस्तकापुढे गप्प. प्रश्न विचारला की तीच तीन बोटं वर. वडील दारू पितात म्हणून न आलेल्या मुलीच्या घरी जाऊन काय बोलायचं. आणि हो, माहिती भरायचं पोर्टल. ते सगळेच सांगतील, पण त्यासाठी पेपर काढू नका, ते लोक आठवड्याभरात आपले आपण शिकतात.

या सगळ्यातून चार-पाचच कामं निवडा, जी तुमच्या विद्यार्थ्याला नोकरीच्या पहिल्या दिवशी आलीच पाहिजेत. मी निवडली असती तर मुलाला शेजारी बसवून वाचून घेणं आणि ते नेमकं कुठे अडतंय हे ओळखणं, याला पहिला मान दिला असता. मग तीस वह्या अर्ध्या तासात चाळून उद्याच्या तासाला काय करायचं ते ठरवणं. प्रश्न विचारून थांबणं (हे थांबणं फार अवघड जातं, नव्या शिक्षकाला तीन सेकंदांची शांतता म्हणजे आपली नापासी वाटते). दोन इयत्ता एका वेळी कामात ठेवणं. पालकाशी बोलणं. तुमची निवड वेगळी निघेल, निघू द्या. पण प्रत्येक पेपर मंजुरीला आला की तो यातल्या कोणत्या कामाला हातभार लावतो हे विचारायला तुमच्याकडे काहीतरी हातात असेल.

आता एक गोष्ट चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची खास. तुमच्याकडे येणारी मुलं सतरा-अठरा वर्षांची, काल-परवापर्यंत बाकावर बसलेली. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलं होतं की शिक्षक होणाऱ्या माणसाने शालेय वयातच शिक्षकांकडे १३,००० तास पाहिलेलं असतं. त्यामुळे शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच आहे अशी त्याची पक्की समजूत असते. फक्त त्याने ते समोरून पाहिलेलं असतं. बाईंनी आदल्या रात्री काय ठरवलं होतं आणि वर्गात आल्यावर ते का बदललं, हे बाकावरून दिसत नाही. म्हणून पहिल्या सत्रात शिक्षणाच्या तात्त्विक पायापासून सुरुवात केली की मुलं नोट्स घेतात, परीक्षा देतात आणि वर्गात उभी राहिली की थेट आपल्या सातवीच्या गुरुजींसारखी शिकवू लागतात, छडीचा धाक तेवढा आवाजात उरतो. पहिल्या सत्रात त्यांना शाळेत न्या, पण शिकवायला नाही. प्रत्येकाला एकच मूल द्या. आठवड्यातून एक सकाळ, सत्रभर, त्याच मुलाबरोबर वाचायचं, खेळायचं, गणितं करायची आणि काय दिसलं ते लिहायचं. अठराव्या वर्षी वर्ग पेलत नाही. एक मूल पेलतं.

हे काही परदेशी खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात गेली. तिथे शिकवायला शिकणाऱ्या बायका मुलांच्या घोळक्यात राहून शिकल्या.

आता तुमच्या गणित आणि इतिहास विभागांकडे येते, कारण मला वाटतं खरी मेख तिथे आहे आणि तुम्ही ती पत्रात एका ओळीत उडवलीत.

२०१९ चा जून आठवतो? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं आणि महाराष्ट्रभर हशा झाला. विधिमंडळातसुद्धा कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की हे मुलांच्या सोयीसाठी आहे, जुने शब्द कुणी काढलेले नाहीत. बरोबर कोण, चूक कोण, ते बाजूला ठेवू. पण त्या गदारोळात किती बी.एड. कॉलेजांनी आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं की मूल 'त्रेपन्न' ऐकून ३५ का लिहितं? कानावर आधी 'त्रे' पडतं, म्हणजे तीन, आणि मग 'पन्न'. मुलाने ऐकलं तसं लिहिलं. 'एकोणसाठ'ला ६९ लिहिणाऱ्याने 'साठ' ऐकलं आणि शेवटी नऊ आहे एवढं बरोबर ओळखलं. तेच मूल पुढे ५२ वजा २७ बरोबर ३५ करतं, कारण दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर त्याने सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान जातं, हा नियम आपणच त्याला शिकवलेला असतो! शिक्षकाने 'हातचा विसरलास' म्हणून लाल फुली मारली की विषय संपला. मूल मात्र हातचा विसरलेलं नसतं. त्याला तो लागतो हेच माहीत नसतं.

हे ज्ञान कुठल्या विभागाचं? गणितातल्या एम.एस्सी. माणसाला ते असेलच असं नाही. मानसशास्त्राच्या पेपरात पियाजे या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था असतात, त्रेपन्न नसतो. अध्यापन पद्धतीच्या पेपरात उद्गामी-अवगामी (उदाहरणाकडून नियमाकडे आणि नियमाकडून उदाहरणाकडे) असतं. ली शुल्मन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ च्या सुमारास नेमक्या याच ज्ञानाकडे बोट दाखवलं: विषय शिकवता यावा अशा रूपात जाणणं, तो शिकताना पोरं कुठे ठेचकाळतात ते ठाऊक असणं. आपल्याकडे याच्या जवळचा 'आशययुक्त अध्यापन' नावाचा पेपर कित्येक वर्षं आहे. पण त्याचं काय झालं तर पाठ्यपुस्तकातल्या घटकांची गाभाघटक आणि मूल्यांशी जोडी लावायचा तक्ता. तक्ता भरला की गुण.

म्हणून गणित विभागाला "आमच्यासाठी वेगळं शिकवा" असं सांगायला जाऊ नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं. त्याऐवजी एक चांगला, मोकळ्या मनाचा माणूस गाठा, त्याच्यापुढे चौथीच्या पंचवीस वह्या ठेवा आणि म्हणा, सर, या चुका बघा, यात काही सुसूत्रता दिसते का? गणिताचा माणूस सुसूत्रता म्हटल्यावर थांबतो. इतिहासवाल्यांकडे नववीच्या मुलांची उत्तरपत्रिका न्या, ज्यात सगळ्या लढायांची कारणं एकाच साच्यातली आहेत. असा त्या विभागांतला एकेक सोबती मिळाला आणि एक पेपर दोघांनी मिळून शिकवला, तर चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा 'एकात्मिक' हा शब्द निदान त्या एका पेपरापुरता खरा होईल. नाही तर बी.ए. एका इमारतीत, बी.एड. दुसऱ्या इमारतीत आणि मधल्या रस्त्यावर मुलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की शिक्षक-शिक्षण विद्यापीठापासूनही तुटलेलं आहे, शाळांपासूनही आणि आपसातही. आपले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. तुटलेपणावर त्यानंतर आपण बरेच चर्चासत्रांचे मांडव घातले.

चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे काही नवलाई आहे असंही मानू नका. १९६३ पासून अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरला अशी प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं उघडली गेली. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या वाट्याला येतात. या संस्थांच्या आवारात त्यांची स्वतःची शाळा आहे, विद्यार्थ्याला वर्ग बघायला एसटी धरावी लागत नाही. जमल्यास समितीतल्या एका संशयी सदस्याला घेऊन भोपाळला दोन दिवस जाऊन या. मुद्दाम संशयीच न्या. दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची बी.एल.एड. काढली, तिचाही अभ्यासक्रम मिळवून वाचा. नाटक, हस्तकला, स्वतःकडे बघायला लावणाऱ्या कार्यशाळा हे त्यात गुणांसकट होतं, स्नेहसंमेलनापुरतं नव्हतं.

तुमचा दुसरा प्रश्न, शाळानुभव. इथे फिनलंडचं नाव कुणीतरी काढणारच, तेव्हा तुम्ही तयारीत असा. तिथे १९७९ पासून शिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं हे की विद्यापीठांना जोडलेल्या सराव शाळा तिथे आहेत आणि नव्यांना घडवणं हा त्या शाळांतल्या शिक्षकांच्या कामाचाच भाग आहे. तो अख्खा देश लोकसंख्येने आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. तुम्हाला विद्यापीठाची शाळा कुणी बांधून देणार नाही. पण त्यातली एक गोष्ट घेता येते: ज्याच्या वर्गात विद्यार्थी जातो तो मार्गदर्शक शिक्षक तुमच्या अभ्यासक्रमाचा माणूस झाला पाहिजे.

आजवर आपण शाळेकडे जातो ते उपकार मागायला. पत्र, पुष्पगुच्छ, "आमची दहा मुलं घ्या". मुख्याध्यापक मान डोलावतात आणि त्यांच्या दृष्टीने फुकटचे दहा हात मिळतात. तुम्ही पन्नास शाळांत विद्यार्थी विखरू नका. आठ-दहाच शाळा घ्या आणि त्यांच्याशी पाच वर्षांचा लेखी करार करा. त्यात साध्या मराठीत लिहा की पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याला वर्गात एकटं सोडायचं नाही, रजेवरच्या शिक्षकाचा तास त्याला द्यायचा नाही, एका मार्गदर्शकाकडे दोनच विद्यार्थी. बदल्यात तुम्ही काय देणार तेही लिहा: मार्गदर्शकाला मानधन (अंदाजपत्रकात आत्ताच घाला, नंतर कुणी देत नाही), विद्यापीठाचं ग्रंथालय, वर्षातून दोनदा त्यांची आणि तुमची एकत्र बैठक. आणि त्या मार्गदर्शकांपैकी दोघांना मसुदा समितीत बोलवा. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. आठ आठवडे त्यातच जातील म्हणून उद्याच अर्ज टाका.

काम कसं वाढवत न्यायचं? गाणं शिकणारा आधी गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसतो. मग गुरू खूण करतात तेव्हा एखादी तान घेतो आणि लगेच पुन्हा सुरात मिसळतो. मैफल गुरूचीच असते, त्यामुळे शिष्याची तान फसली तरी श्रोत्यांचं नुकसान होत नाही. वर्गातल्या श्रोत्यांचा विचार आपण कधीच करत नाही. आमच्या एका सराव शाळेतली आठवीची मुलं इतकी सरावलेली होती की छात्राध्यापकाने प्रस्तावनेचे दोन प्रश्न विचारले की मागच्या बाकावरून हेतुकथन यायचं: "म्हणजे आज आपण प्रकाशसंश्लेषण शिकणार आहोत ना सर?" तिसऱ्यांदा शिकत होती बिचारी. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याने आधी एक मूल, मग पाच मुलांचा गट, मग बाईंच्या तासातली दहा मिनिटं, मग तास, मग अख्खा आठवडा अशा पायऱ्या घ्याव्यात. ठरावीक संख्येचे सुटे पाठ मोजायचा हिशेब बंद करा. सुटा पाठ ही शिक्षणशास्त्र विभागांनी जन्माला घातलेली चीज आहे. खऱ्या शाळेत कालचा तास असतो आणि उद्याचा असतो.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव, काढून टाकू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. १९६३ मध्ये स्टॅनफर्डला ते सुरू झालं तेव्हा त्यात जीव होता: छोटा पाठ, चित्रफीत बघणं, लगेच दुसऱ्यांदा करणं. आपल्याकडे मैत्रिणींनाच पाचवीच्या मुली व्हायला लावून फलकलेखन कौशल्याचे गुण देणं एवढं उरलं. दोन आठवड्यांपुरतं ठेवा, खऱ्या मुलांसमोर आणि मोबाइलवर चित्रण करून. आपला आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर माणूस बरंच शिकतो.

पाठनिरीक्षणाबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या, कारण सगळ्यात जास्त वेळ आपण तिथे घालवतो. निरीक्षण वहीत काय असतं? 'आवाज स्पष्ट. शैक्षणिक साधनांचा योग्य वापर. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.' मी अशी हजारो वाक्यं लिहिली असतील. एकदा एका मुलीने धीर करून विचारलं, मॅडम, वर्गनियंत्रणाकडे लक्ष देऊ म्हणजे नक्की काय करू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी पाठ बघायला गेले की शिकवणाऱ्याकडे पाठ करून बसायला लागले, मुलांकडे तोंड करून. कोण काय करतंय, कोण कुठल्या मिनिटाला सुटलं, ते टिपायचे. तास संपल्यावर मी, विद्यार्थिनी आणि वर्गशिक्षिका अशा तिघी, समोर आठ-दहा वह्या. पहिला प्रश्न असायचा, या वहीत काय दिसतं? कौतुक नाही, दोषही नाही. अर्ध्या तासाच्या त्या बोलण्यातून जे निघायचं ते माझ्या कुठल्याही व्याख्यानातून निघालं नव्हतं. तुमच्या मसुद्यात या बैठकीला श्रेयांक द्या आणि वेळापत्रकात तास द्या, नाही तर ती पहिल्या महिन्यातच बंद पडेल.

पेपरांच्या भांडणाबद्दल माझा सल्ला जरा चतुर आहे. नावावरून भांडू नका. ज्याला जे शीर्षक हवं ते देऊन टाका. तुम्ही तासांवर आणि स्वाध्यायांवर पकड ठेवा. प्रत्येक पेपराचा निदान एक स्वाध्याय शाळेत जाऊनच पुरा व्हावा आणि शक्य तिथे दोन-तीन पेपरांचा मिळून एकच असावा. पहिल्या सत्रातलं ते एक मूल घ्या. त्याच्यावरचा एकच अहवाल मानसशास्त्राच्या सरांनी वाचावा, भाषेच्या बाईंनी वाचावा, मूल्यमापनवाल्यांनीही वाचावा. आज चौदा पेपरांच्या चौदा फायली होतात आणि त्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, मुखपृष्ठावर नाव तेवढं घालायचं. दुकानदाराला विचारलं तर तो तुम्हाला कोणत्या विषयाची फाईल जास्त खपते हेही सांगेल. तुमच्या समितीपेक्षा अभ्यासक्रमाची खबर त्याला जास्त आहे. गावातल्या सुमनच्या वाचनाबद्दलची फाईल मात्र त्याच्याकडे मिळणार नाही.

आणि आपण प्राध्यापक? वर्षातून एक महिना, एका शाळेत, एका वर्गाचा एक विषय प्रत्येकाने शिकवावा. हे ठरावात मांडलंत तर सर्वानुमते फेटाळलं जाईल. मांडू नका. या वर्षी तुम्ही स्वतः करा आणि तुमचा फसलेला तास विद्यार्थ्यांना मागे बसून बघू द्या. पुढच्या वर्षी सीएचबीवरची एखादी तरुण मुलगी येईल. तिघं झाली की मग ठरावाचं बघा. सीएचबीवाल्यांना शाळेतल्या तासांचे पैसे मिळतील अशी सोय मात्र आधी करून घ्या, नाही तर हा आदर्शवाद त्यांच्या खिशातून जाईल.

पदवीनंतर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि ते तुमच्या हातातही फारसं नाही. टीईटी ही पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल, मग मानधनावर शिक्षणसेवकाची तीन वर्षं. तो भोग तुम्ही भोगला आहे. २०२३ मध्ये मानधन वाढून प्राथमिकला महिना १६,००० रुपये झालं, एवढीच सुधारणा. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून नव्या शिक्षकाला पहिलं वर्ष कमी तास आणि एक जाणता सोबती मिळतो. आपल्याकडे नव्याला सगळ्यात दूरची शाळा आणि सगळ्यात दंगेखोर तुकडी मिळते. तुम्ही एवढं करू शकता की महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी विभागाचं दार तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवायचं. चहा, वह्या आणि अडचणी. कुणी दुसऱ्या आठवड्यातच आलं तर त्यांना रडू द्या, मग वह्या काढा.

वेळेचं गणित असं करा. आठ आठवड्यांत चार वर्षांचा तपशील भरायला जाल तर दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाची पीडीएफ उतरवाल, सगळे तेच करतात. राष्ट्रीय चौकट बरीचशी ठरलेली आहे, तिच्याशी झगडण्यात शक्ती घालवू नका. पहिली दोन वर्षं तपशिलात लिहा, पुढची दोन आराखड्यापुरती ठेवा. पहिली तुकडी दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला आली की मार्गदर्शक शिक्षकांना घेऊन पुढचं लिहायचं, अशी टीप मसुद्यातच घाला. अभ्यास मंडळ कुरकुर करेल. विद्या परिषदेत कुणी एवढं बारकाईने वाचत नाही, तिथे ती टीप सुखरूप पार होईल.

राहिला मानसशास्त्राच्या सरांचा चौथा श्रेयांक. तो त्यांना द्या. फक्त त्यापुढे लिहा: हा श्रेयांक सहभागी शाळेत, मुलांसोबत घ्यायचा आहे आणि विषयशिक्षकाने तिथे उपस्थित राहायचं आहे. सर तीनवर आले तर त्यांचा मान राहील. आणि चौथा घेऊन शाळेत गेलेच, तर मला पुढचं पत्र जरूर लिहा.